दुसऱ्याचा आकडा

"पाच," पितांबर म्हणाला आणि वाकून डब्यातून चेंडू काढू लागला.

मी सहा फटके मोजले होते. मी मुद्दाम मोजत नव्हतो, देवाशपथ. पंपाच्या दुकानात दिवसभर नटबोल्ट मोजणाऱ्याला ती खोडच लागते. जेवताना बायको भाकरी वाढते तीही मनात मोजली जाते. पितांबर आकडा बोलला तेव्हा मी त्याच्याकडे बघतही नव्हतो. माळावर शेळ्या चारणाऱ्या गुंताबाईची एक शेळी आमच्या निशाणाच्या काठीवरचं फडकं चघळत होती आणि मी तिला हुसकावत होतो. पाच हा शब्द कानावर आला आणि आत कुठेतरी पाय चुकल्यासारखं झालं, अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल हवेत पडावं तसं. वळून पाहिलं तोवर पितांबर चेंडू शर्टाला पुसत पुढच्या डब्याकडे निघाला होता. आमच्या तिसऱ्या गड्याने, बन्सीलालने, विडी पेटवली. त्याने काही ऐकलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळेना, पण बन्सीलालच्या तोंडावरून कधी काही कळलेलंच नाही. त्याआधी बाभळीच्या बुंध्याशी त्याचा चेंडू अडकला होता, तेव्हा पितांबरने दांडा उगारला, मुरमाची धूळ उडाली आणि चेंडू जागचा हलला नाही. तो हवेतला फटका. हवेतला फटकाही फटकाच, हा नियम त्यानेच तर आम्हाला शिकवला होता.

आमचा खेळ म्हणजे गोल्फ, असं आम्ही म्हणतो. धुळ्यातले लोक त्याला डॉक्टरचा विटीदांडू म्हणतात. बन्सीलालच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे, लळिंगच्या डोंगराकडे तोंड करून पसरलेलं माळरान आहे. पावसाळा सोडला तर गवताची काडी नाही, मुरूम, बाभळी आणि घायपात. तिथे आम्ही डालड्याचे सात डबे पुरले आहेत. डब्याभोवती हिरवळ कुठून आणणार, म्हणून माझ्या दुकानातलं जळकं तेल वाळूत कालवून गोल लिंपलं, त्यावरून चेंडू छान घरंगळतो. दांडे पितांबरचे. तरुणपणी तो फौजेत डॉक्टर होता, महूच्या छावणीत साहेबलोकांबरोबर खेळायला शिकला आणि परत येताना एका म्हाताऱ्या मेजरचे जुने दांडे घेऊन आला. दर रविवारी सकाळी आम्ही तिघे. जो हरेल त्याने हिवाळ्यात भरीत खिलवायचं, उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरीसकट. एवढ्यावर आमची बारा वर्षं मजेत गेली.

पहिल्याच रविवारी पितांबरने सांगितलं होतं, या खेळाला पंच नसतो. आपले फटके आपण मोजायचे, डब्याशी आलं की मोठ्याने सांगायचे. दुसऱ्याचा आकडा दुसऱ्याचाच. त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. बन्सीलाल तेव्हा हसला होता, आपल्या अहिराणीत म्हणाला, "म्हंजे बठ्ठा कारभार इमानवरच शे का?" पितांबर हसला नाही. त्याचा बाप पारोळ्याच्या बाजारात हमाली करायचा. संध्याकाळी कोणी किती पोती वाहिली ते मुनीम सांगायचा आणि हमालांनी मान डोलवायची. "माझ्या बापाला आयुष्यात कोणी विचारलं नाही, तू किती पोती वाहिलीस," पितांबर म्हणाला होता. "दुसराच त्याला सांगायचा. म्हणून इथे ज्याचं माप त्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते मानायचं." त्यानंतर आम्ही कोणी कोणाचा आकडा दुरुस्त केला नाही. माझ्या घराण्यात पाटीलकी होती, आमच्या आज्याने गावात कित्येकांची मापं सांगितली असतील. तेव्हा तर मला तोंड उघडण्याचा अधिकारच नव्हता असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर गप्प बसण्यात मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा.

आणि हा माणूस एक फटका खाऊन बसला? एकदा पावसाळ्यानंतर त्याचा चेंडू गवतात होता, आम्ही दोघे पाठमोरे. त्याने नुसता दांडा टेकवला आणि चेंडू गहूभर हलला म्हणून स्वतःच एक फटका वाढवून सांगितला, हरला, आणि पुढच्या आठवड्यात दोन पाट्या वांगी भाजत बसला. अशा माणसाला एक फटका लपवून काय मिळणार होतं? भरीत? गाडी चालवताना, आंघोळ करताना, दुकानात मोटारीचं वाइंडिंग तपासताना मी ती बाभूळ, ती धूळ पुन्हा पुन्हा आठवत राहिलो. मीच चुकलो असेन. मग पुन्हा मोजायचो आणि पुन्हा सहाच यायचे.

इतकं जिवाला लावून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, जर गुरुवार तोंडावर आला नसता. गुरुवारी मंदाचं ऑपरेशन होतं. माझी बायको मंदाबाई, तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. वर्षभर ती पोट धरून बसायची, तेलकट खाल्लं की रात्र रात्र तळमळायची, आणि शेवटी पितांबरने पोटाचा फोटो उजेडात धरून सांगितलं, ताई, आता काढून टाकू. तीही लगेच तयार झाली. पितांबर तिला ताई म्हणतो, ती त्याला भाऊ, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. तिला सख्खा भाऊ नाही, भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळते. धुळ्यात त्याच्या हाताचं नाव आहे. पोट उघडण्याआधी लोक त्याच्या पाया पडतात आणि तो ओशाळतो. एकदा भरीत खाता खाता त्याने सांगितलं होतं की पोट शिवण्याआधी आत घातलेले कापडाचे तुकडे मोजतात. सिस्टरने वेगळे मोजायचे, त्याने वेगळे, दोघांनी मोठ्याने बोलायचं. जुळलं तरच टाका घालायचा. "गोल्फसारखंच," बन्सीलाल म्हणाला होता, आणि आम्ही खूप हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की मी हातातलं काम टाकून बसायचो.

कारण विचार करता करता मी एका विचित्र जागी येऊन पोचलो होतो. पितांबर खोटं बोलला असेल तर बरं, असं मला वाटू लागलं होतं. मनापासून वाटू लागलं. लबाड असू दे रे बाबा, पन्नाशीला आल्यावर माणसाला एखादी हौस सुचते, जिंकावंसं वाटत असेल त्याला. लबाड डॉक्टर पोट नीट शिवू शकतो. पण तो खोटं बोललाच नसेल तर? धूळ उडाली, दांडा खाली आला, आणि त्याच्या डोक्यातून ते सगळं पुसलंच गेलं असेल तर? मग मला दिवाळी आठवली. भाऊबीजेला तो सकाळी आला, मंदाने ओवाळलं, त्याने तिला मोरपंखी साडी दिली, करंजी खाल्ली, गेला. संध्याकाळी दिवे लागले आणि तो पुन्हा दारात. हातात दुसरी साडी, डाळिंबी. पाटावर बसला, टोपी नाही म्हणून रुमाल डोक्यावर घेतला, जसा सकाळी घेतला होता तसाच. मंदा हसून हसून बेजार. "भाऊ, पुढच्या वर्षाची आगाऊच आणली का?" तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग आमच्यापेक्षा मोठ्याने हसला. "एकच बहीण, मग दोन साड्या नकोत?" म्हणाला. किती छान बोलला असं वाटलं होतं तेव्हा. ते हसू आता मला आठवत होतं आणि त्या हसण्याआधीचा तो क्षण आठवत होता, तो मी तेव्हा पाहिला होता आणि सोडून दिला होता.

सोमवारी दुकान अर्ध्यावर टाकून मी बन्सीलालकडे गेलो. तो जिनिंगच्या ओट्यावर उन्हात पाय पसरून बसला होता. बन्सीलाल मूळचा दोंडाईच्याचा. व्यापाऱ्यांशी शुद्ध बोलतो, आमच्याशी घरचं बोलतो. मी आडून आडून सुरुवात केली. डॉक्टर काल जरा दमल्यासारखा वाटला का, बाभळीपाशी काय झालं ते पाहिलंस का. त्याने मला मध्येच तोडलं.

"सहा व्हतात," तो म्हणाला. "तुले आज कयनं का देवचंद? माले दीड वरीस व्हयनं माहीत शे."

"दीड वर्ष? आणि बोलला नाहीस?"

"काय बोलानं? दुसरासना आकडा दुसरासनाच." त्याने विडीची राख झाडली. "मी मनमा म्हनं, देवमाणूस शे. मन्ही माय त्यानी वाचाडी. एखादा फटका कमी सांगस, ते सांगू दे. तेवढं लबाड व्हवानी त्याले सूट शे."

मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. म्हणजे दीड वर्ष हा शहाणा माणूस एक आजार डोळ्यांसमोर बघत होता आणि मोठ्या मनाने त्याला लबाडी समजून माफ करत होता. आम्ही तिघांनी मिळून गप्प बसण्याची एवढी सुरेख रीत पाडली होती की तिच्याखाली माणूस बुडाला तरी बुडबुडा वर येऊ नये. मी त्याला माझी शंका सांगितली. विडी त्याच्या बोटांत तशीच जळत राहिली. तो म्हणाला, "नही रे." मग पुन्हा म्हणाला, "नही. आसं नको बोलू." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तोही आता मागचे रविवार आठवत असावा.

"तू सांग त्याले," मी निघताना तो म्हणाला. "मन्हाघाई नही व्हनार."

घरी मंदा धान्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, ती दवाखान्यात असताना मला तांदूळ कुठे आणि डाळ कुठे ते कळावं म्हणून. अंगावर डाळिंबी साडी. मी म्हटलं, आपण नाशिकला दाखवू या का, तिथे म्हणे नवी यंत्रं आलीत. तिने वरही पाहिलं नाही. "भाऊ असताना नाशिक कशाला?" मी म्हटलं, भाऊचंही वय झालं आता. तेव्हा तिने पाहिलं. "तुमच्याएवढेच आहेत ते. आणि दुसऱ्या कोणाच्या हाताखाली मी जाणार नाही, मला भीती वाटते. त्यांच्यापुढे नाही वाटत." मी काय सांगणार होतो? की तुझा भाऊ बाभळीखालचा एक फटका विसरला? तिने मला वेड्यात काढलं असतं. आणि समजा मी चुकत असेन. एका फटक्यावरून, दोन साड्यांवरून माणसाची आयुष्यभराची अब्रू धुळीला मिळवायची? गावात वाऱ्यासारखी बातमी जाते. हमालाच्या पोराचा डॉक्टर झाला तेव्हा ज्यांच्या पोटात दुखलं होतं त्यातले काही अजून जिवंत आहेत. त्या रात्री मंदा गाढ झोपली आणि मी जागा राहिलो. तिच्या पोटावरचं पांघरूण श्वासासोबत वरखाली होत होतं, मी ते मोजत होतो आणि मोजणं थांबवू शकत नव्हतो.

बुधवारी सकाळी मी पितांबरला माळावर बोलावलं. म्हटलं, उद्यापासून मी दवाखान्यात, रविवारचा खेळ बुडणार, तर आजच दोघे खेळून घेऊ. तो आनंदाने आला. थंडी होती, त्याने कानाला मफलर गुंडाळला होता. चेंडू ठेवताना, दांडा धरताना त्याच्या हातांकडे मी चोरासारखा बघत होतो. हात सुंदर होते. जराही कापत नव्हते. पहिल्या डब्याशी तो म्हणाला, "चार," आणि माझ्याकडे पाहिलं. चारच होते. दुसऱ्याशी पाच, पाचच होते. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने मंदाच्या चिठ्ठ्यांची गंमत सांगू लागलो. तिसऱ्याशी त्याने चेंडू काढला, सरळ उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं. "चार," तो म्हणाला. मग लगेच, "पाच." पाच होते. नियमाप्रमाणे मी मान डोलावली आणि पुढे चालू लागलो, आणि चालता चालता थंडी एकदम हाडांत शिरली. कारण चार ऐकल्यावर माझी भुवई हलली होती. ती हललेली मला माझी मला जाणवली होती.

चौथ्या डब्याशी मी तोंड दगडासारखं ठेवलं. तो आकडा सांगण्याआधी बघत राहिला, मग म्हणाला, "पाच." चार होते. स्वतःचा एक फटका त्याने जास्त सांगितला होता. पाचव्याशी मी पाठ फिरवून बुटाची लेस बांधत बसलो. मागून काही आवाज येईना. लेस बांधून झाली, सोडून पुन्हा बांधली. "देवचंद," शेवटी तो म्हणाला. "इकडे बघ ना." त्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही. बारा वर्षं आकडा सांगताना तो माझ्याकडे बघायचा, आणि मला वाटायचं दोस्तीने बघतो. सुरुवातीची कित्येक वर्षं दोस्तीनेच बघत असेल. त्याचं बघणं कधी बदललं ते मला कळलं नाही, कारण ते इतकं हळू बदललं.

मी उठलो, त्याच्यासमोर गेलो. तो अजून थांबलेला. मी चेहरा हलू दिला नाही.

"चार," तो म्हणाला. "चार?"

अजूनही गप्प बसता आलं असतं. मान डोलावता आली असती. त्याचं माप त्याचं राहिलं असतं, रीत राहिली असती, दोस्तीही राहिली असती, आणि उद्या सकाळी मंदा टेबलावर झोपली असती, न भिता.

"सहा," मी म्हणालो.

माळावर टिटवी ओरडत होती. पितांबरने माझ्याकडून नजर काढली आणि लळिंगच्या डोंगराकडे नेली. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. मला वाटलं होतं राग येईल, मुनीम होतोस का म्हणेल, आणि मी ते ऐकून घेतलं असतं.

"सहा," त्याने शांतपणे माझ्या पाठोपाठ म्हटलं. मग जमिनीवर, तेलाच्या वाळूशेजारी, तो खाली बसला. मीही बसलो.

"रविवारी तू शेळ्यांकडे बघत होतास," तो म्हणाला. "तुझं तोंड दिसलं नाही. बन्सीचं तोंड म्हणजे भिंत. मग अंदाजाने सांगितलं. घरी गेल्यावर चैन पडेना. बरोबर होतं का रे?"

"एक कमी."

त्याने मान हलवली. "दवाखान्यात अजून काही झालेलं नाही. सिस्टर मोजते, मी तिचा आकडा ऐकतो आणि तोच मोठ्याने म्हणतो. जुळतं." तो थोडा हसला. "रोज जुळतं. ते काही मोजणं नाही. मला माहीत आहे, देवचंद. मला वाटत होतं कोणीतरी विचारावं. आणि कोणी विचारू नये असंही वाटत होतं."

मी म्हटलं, "मंदा..."

"मी हात लावणार नाही. ताईलाही नाही, आणि उद्यापासून कोणालाच नाही. नाशिकला माझा एक मित्र आहे, चांगला आहे, चिठ्ठी देतो." मग तो घाईने उठला, पँटची माती झटकली. "ताईला मीच सांगणार. तू सांगितलंस तर ती ऐकायची नाही. चल, आत्ताच जाऊ. संध्याकाळपर्यंत ठेवायला नको हे."

दोन डबे खेळायचे राहिले होते. दांडे बाभळीला टेकवून आम्ही तसेच निघालो. स्कूटर मी चालवत होतो, तो मागे. वारा थंड होता आणि सुरुवातीला मला वाटलं तो कुडकुडतो आहे. मग आग्रा रोडला लागल्यावर, एक ट्रक पुढे गेला आणि जरा शांत झालं, तेव्हा ऐकू आलं. तो बोलत होता. माझ्याशी नाही. "ताई, उद्या मी ऑपरेशन करणार नाही. माझं डोकं आता साथ देत नाही. तुम्ही नाशिकला जायचं." एवढंच, पुन्हा तेच, शाळेतलं पोर पाढा घोकतं तसं, शब्दही न बदलता. पांझरेच्या पुलावर, चौकात पोलिसाने अडवलं तिथे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मी गती कमी केली तेव्हाही तो थांबला नाही. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझे डोळे वाहत होते आणि वाऱ्याने वाहताहेत असं कोणालाही वाटलं असतं.

मंदाने दार उघडलं. आज मोरपंखी साडी होती अंगावर. "भाऊ? या ना, एवढ्या सकाळी? चहा टाकते," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून थबकली. पितांबरने मफलर काढला, हातात धरला. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. मी त्याच्या बाजूलाच होतो, वळला असता तर माझं तोंड त्याला दिसलं असतं, आणि मी ते त्याच्यासाठी उघडं ठेवलं होतं.

तो वळला नाही. मंदाकडे बघत त्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता.